बाप परत आला, आता पुढे काय? : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात 'पॅरिस, टेक्सास' या पिक्चरबद्दल लिहिलं होतं त्यावर इतके मेल आणि चिठ्ठ्या आल्यात की यावेळी बाकीचे सगळे प्रश्न बाजूला ठेवलेत, नवीन मराठी पिक्चर कुठला बघावा वगैरे पुढच्या वेळी. ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. १९८४ चा पिक्चर, दिग्दर्शक विम वेंडर्स, माणूस जर्मन पण गोष्ट सगळी अमेरिकेतली, आणि त्या वर्षी कान फेस्टिव्हलचं सगळ्यात मोठं बक्षीस, पाम दोर, यालाच मिळालं. ट्रॅव्हिस नावाचा माणूस चार वर्षं बेपत्ता असतो, एक दिवस टेक्सासच्या वाळवंटात लाल टोपी घालून चालताना सापडतो, त्याचा भाऊ वॉल्ट येऊन त्याला लॉस एंजेलिसला आपल्या घरी घेऊन जातो, तिथे ट्रॅव्हिसचा सात-आठ वर्षांचा पोरगा हंटर काका-काकूकडे वाढतोय आणि आई, म्हणजे जेन, ती पण कधीची निघून गेलीय. मग बाप लेकाला घेऊन तिला शोधायला निघतो. शेवट काय होतो तेही खाली येणारे, त्यामुळे ज्यांना बघायचाय त्यांनी आधी बघा आणि मग इकडे या, नंतर मला बोलायचं नाही.

प्रश्न : सर, तुमच्यावर विश्वास ठेवून रात्री अकराला लावला. हिरो वीस-पंचवीस मिनिटं एक अक्षर बोलत नाही. मी झोपलो. आर्ट फिल्म म्हणजे स्लो असायलाच पाहिजे असा काही नियम आहे का? – इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, कॉलेज रोड

नियम नाही रे बाबा. पण सबमिशनच्या दिवसांत रात्री अकराला अडीच तासांचा पिक्चर लावलास तर शोलेला पण झोप लागेल, त्यात वेंडर्सचा काय दोष.

आता सिरियसली. ट्रॅव्हिस बोलत नाही तेव्हा तू त्याच्याकडे बघत बसलास, तिथेच गडबड झाली, तेव्हा वॉल्टकडे बघायचं. बिचारा वॉल्ट एकटाच बोलतोय, समजावतोय, चिडतोय, मधेच हा पुन्हा पळून जातो की परत शोधा, विमानात बसवला तर उतरतो, मग गाडीने एवढा मोठा प्रवास करायचा आणि शेजारी बसलेला माणूस तोंडातून ब्र काढत नाही. चार वर्षं ज्याला मेला समजलो तो जिवंत निघालाय म्हणून आनंद, आणि जिवंत होतास तर मेल्या एक फोन करायला काय झालं होतं म्हणून संताप, हे दोन्ही वॉल्टच्या चेहऱ्यावर एकाच वेळी चालू असतं. डीन स्टॉकवेलने काम केलंय ते, कधीतरी नीट बघ.

आणि तो गप्प का आहे हे पुढे कळतं. पोराला आणि बायकोला वाऱ्यावर सोडून गेलेला माणूस, बोलायला तोंड कुठे उरलंय त्याला. म्हणून तो दुसरं काहीतरी करतो. भावाच्या घरी पहिल्याच रात्री झोप येत नाही तर हा माणूस खरकटी भांडी घासतो, मग घरातले सगळ्यांचे बूट काढून पॉलिश करतो आणि उन्हात ओळीने मांडून ठेवतो, मोठ्यांचे, काकूचे, पोराचे, सगळे. आपल्याकडे दारात चपलांची जी अवस्था असते ती आठव आणि सकाळी उठून ती ओळ दिसली तर तुला काय वाटेल सांग. सॉरी म्हणता येत नाही म्हणून बूट पुसलेत. हा सीन तू झोपेत घालवलास, दुपारी परत लाव.

प्रश्न : अख्खा पिक्चर बघितला, पॅरिस आलंच नाही. फसवणूक? – देवळाली कॅम्प

पॅरिस नावाचं गाव टेक्सासमधे खरंच आहे, ईशान्येच्या कोपऱ्यात. पिक्चरमधे ते दिसतं फक्त एका फोटोत, एक ओसाड रिकामा प्लॉट, ट्रॅव्हिसने कधीतरी पोस्टाने घेतलेला. त्याला वाटतं आपल्या आई-बापांचं सुरुवातीचं प्रेम तिथलं, म्हणजे आपली सुरुवातच तिथली. आणि त्याच्या बापाचा एक जोक असतो, लोकांना बायकोची ओळख करून देताना म्हणायचा ही पॅरिसची, मग जरा थांबायचा, आणि मग पुढचं टेक्सास. लोक हसायचे, आई लाजेने मरायची, आणि पुढे पुढे बाप त्या जोकवर स्वतःच विश्वास ठेवायला लागला. बायको जशी आहे तशी न बघता भलतीच कोणीतरी समजून बघायचं ही खोड या घराण्यात बापापासून मुलाकडे आलेली आहे, दिग्दर्शक ते एका जोकमधे सांगून मोकळा होतो.

प्रश्न : मला एकच विचारायचंय. त्या काकूचं काय? चार वर्षं पोटच्या पोरासारखं केलं तिने, आणि तो बाप उठतो आणि पोराला गाडीत घालून घेऊन जातो. शेवटी तिचं नाव पण नाही. मी माझ्या नणंदेच्या मुलाला लहानपणी सांभाळलंय, तो गेला तेव्हा घर खायला उठलं होतं, म्हणून विचारते. – एक वाचक, पंचवटी

काकू, सगळ्या पत्रांमधला हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे, आणि या पिक्चरबद्दल मोठमोठ्या लोकांनी पानंच्या पानं लिहिलीत त्यातल्या बऱ्याच जणांना हा पडत नाही.

त्या काकूचं नाव अ‍ॅन, काम केलंय ऑरोर क्लेमाँ या फ्रेंच नटीने. आता बघा तिच्यावर काय वेळ येते. दीर परत आला म्हणून ती आनंदाने घर उघडते, पण पहिल्या दिवसापासून तिला धडकी भरलेली आहे की आता पोरगा जाणार. नवऱ्याला बोलून दाखवते, नवरा म्हणतो अगं बाप आहे तो त्याचा. यावर तिने काय बोलायचं? रात्री पोराला झोपवताना तिचा हात जरा जास्त वेळ पांघरुणावर राहतो, एवढंच तिच्या हातात. आणि गंमत अशी, खरं तर गंमत नाही, की जेन दर महिन्याला ह्यूस्टनच्या एका बँकेतून पोराच्या नावाने पैसे भरते ही गोष्ट ट्रॅव्हिसला सांगते ती अ‍ॅनच. म्हणजे पोरगा जाण्याचा रस्ता तिनेच उघडून दिला. भीतीपोटी सांगितलं की खरेपणापोटी, मला अजून ठरवता येत नाही, कदाचित तिलाही कळलं नसेल.

मग वाटेतून पोरगा फोन करतो, आम्ही आईला शोधायला चाललोय म्हणून. इकडे दोघं हवालदिल. आणि त्यानंतर पिक्चर त्या घरात परत पाऊलच टाकत नाही. अर्धा पिक्चर ज्या घरात घडला ते घरच गायब.

याच्या बाजूने बोलणारे म्हणतात की गोष्ट ट्रॅव्हिसच्या नजरेतून आहे आणि ट्रॅव्हिसला मागे वळून बघायची सवयच नाही, म्हणून कॅमेरा पण वळत नाही. पटतं, थोडंसं. पण मला विचाराल तर ही त्या पिक्चरची उणीव आहे, मुद्दाम ठेवलेली असली तरी उणीवच. आपल्याकडे हे लगेच खटकतं याचं कारण आपण कृष्णाची गोष्ट ऐकत मोठे झालोत, आणि आपल्या गाण्यांमधे, गवळणींमधे, किर्तनात देवकीपेक्षा यशोदेला जागा जास्त आहे. मथुरेला जाणाऱ्या रथाच्या मागे कोण राहिलं हे आपल्याला विचारावंसं वाटतं, वेंडर्सला वाटलं नाही.

तुमच्या नणंदेचा मुलगा आता येतो-जातो का ते नाही लिहिलंत. येत असावा. नसेल तर त्याला हा अंक पाठवा.

प्रश्न : त्या माणसाने बायकोला बांधून ठेवलं होतं. हे कधी कळतं, तर पिक्चर संपायला अर्धा तास राहिलेला असताना, तोपर्यंत आपण त्याच्यासाठी हळहळून झालेलो असतो. ही चलाखी नाही का? आणि अशा माणसाला घर परत मिळावं असं आपल्याला का वाटायला लावतात? – एक वाचक, सिडको

ताई, चलाखी आहे. पण कशासाठी केलीय ते बघू.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी, जेन ह्यूस्टनमधे अशा ठिकाणी काम करते जिथे गिऱ्हाईक एका छोट्या खोलीत बसतं, मधे काच, काचेतून त्याला ती दिसते पण तिला तो दिसत नाही, तिच्या बाजूने तो आरसा. बोलायचं फोनवरून. ट्रॅव्हिस तिथे दोनदा जातो. पहिल्यांदा जातो तेव्हा त्याचा जुना संशयी स्वभाव उफाळून येतो, तू गिऱ्हाइकांबरोबर बाहेर जातेस का वगैरे, आणि उठून निघून येतो. दुसऱ्यांदा जातो तेव्हा खुर्ची फिरवतो आणि काचेकडे पाठ करून बसतो. म्हणजे आता त्यालाही ती दिसत नाही. आणि मग एका माणसाची आणि एका मुलीची गोष्ट म्हणून स्वतःचीच गोष्ट सांगायला लागतो, ती मुलगी फार लहान होती, हा वयाने बराच मोठा, आधी इतकं प्रेम की हा कामधंदा सोडून घरी बसायचा, मग संशय, मग दारू, मग रात्री ती पळून जाईल म्हणून तिच्या पायाला गुराच्या गळ्यातली घंटा बांधली. ती काय करते, घंटेत मोजा कोंबते, म्हणजे वाजू नये. तरी सापडते. मग तिला पट्ट्याने शेगडीला बांधतो. मग आग.

घंटेत कोंबलेला तो मोजा, पूर्ण पिक्चरमधे दिसत नाही, नुसता ऐकू येतो, पण मला विचाराल तर सगळ्यात भयंकर गोष्ट ती आहे. कारण त्यात कळतं की ती किती रात्री जागी राहून विचार करत असेल.

आता तुमचा मुद्दा. हे आधीच सांगितलं असतं तर आपण ट्रॅव्हिसला पहिल्या रिळातच फासावर दिला असता आणि घरी जाऊन स्वस्थ झोपलो असतो. उशिरा सांगितलं म्हणून आपलीच पंचाईत होते, की बूट पुसणारा तो आणि पट्टा बांधणारा तो एकच. शेजारीपाजारी पण असंच असतं ना, सोसायटीत गणपतीला सगळ्यात जास्त राबणारा माणूस घरात कसा आहे हे आपल्याला फार उशिरा कळतं आणि कळल्यावर आपण आधी म्हणतो छे, तो तसा नाही. आपल्याकडे आता २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, त्या चौकटीत ट्रॅव्हिसने जे केलं त्याला सरळ कौटुंबिक हिंसाचार म्हणायचं, मधे मधे प्रेम होतं ही सबब नाही. पिक्चर पण ती सबब देत नाही, त्याच्याकडूनच वदवून घेतो.

आणि घर परत मिळावं असं वाटायला लावतात हे खरं, पण देत नाहीत की. तो आईची आणि पोराची भेट घडवतो आणि स्वतः जातो. तुम्हाला जर शेवटी चुटपुट लागली असेल की तो वर का गेला नाही, तर ती चुटपुट तुमची, पिक्चरचा निकाल वेगळा आहे. माझी तक्रार एवढीच की जेनला बोलायला त्याच्या मानाने फारच थोडा वेळ मिळतो. तो गेल्यावर ती मनातल्या मनात त्याच्याशी किती वर्षं बोलत राहिली ते ती सांगते, नस्तास्या किन्स्कीने जीव ओतलाय त्यात, पण अजून दहा मिनिटं तिला द्यायला हवी होती.

प्रश्न : महोदय, आपण ज्या कुसुमाग्रजांच्या गावात राहतो त्यांनी 'नटसम्राट' मधे बापाचं दुःख जे मांडलं त्यापुढे हे परदेशी बाप फिके आहेत. बाप म्हणजे बाप असतो. आपल्या मातीतलं सोडून हे कशाला? – निवृत्त शिक्षक, गंगापूर रोड

सर, नमस्कार. 'नटसम्राट' १९७० साली रंगभूमीवर आलं, मी त्याबद्दल एक शब्दही कमी बोलणार नाही. पण दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. अप्पासाहेब बेलवलकरांनी पोरांना सगळं देऊन टाकलं आणि पोरांच्या वागण्याने त्यांच्यावर घराबाहेर पडायची वेळ आली. म्हणजे बाप भोळा, मुलं कृतघ्न, प्रेक्षकाने कोणाच्या बाजूने रडायचं ते ठरलेलं. आणि आपल्याकडे नंतर जेवढे बाप पडद्यावर आले, हिंदीत मराठीत, ते बहुतेक याच वाटेने आले, सोसणारा बाप, पोटाला चिमटा काढणारा बाप, म्हातारपणी विसरलेला बाप. रिक्षाच्या मागे पण तोच बाप लिहिलेला असतो.

ट्रॅव्हिसची गोष्ट उलटी आहे. इथे बाहेर काढलं कोणीच नाही, हाच टाकून गेला. इथे मुलाचं काहीही चुकलेलं नाही. आणि हा परत आलाय तो हक्क मागायला नाही आला, हक्क आहे की नाही हेच त्याला माहीत नाही. बाप म्हणजे बाप असतो हे तुमचं वाक्य अप्पासाहेबांना लागू आहे, ट्रॅव्हिसला ते म्हणता येत नाही, त्याला बाप व्हायचं शिकावं लागतं. आणि अक्षरशः शिकतो. भावाच्या घरात काम करणाऱ्या बाईंना विचारतो, बाप कसा दिसतो? त्या म्हणतात श्रीमंत बाप की गरीब बाप? मग सूट, हॅट, मान वर कशी ठेवायची, चालायचं कसं, पूर्ण तालीम. तुम्ही शिक्षक होतात, पालक सभेला असे किती बाप बघितले असतील, नवीन इस्त्रीचा शर्ट घालून आलेले पण मुलगा कितवीच्या कुठल्या तुकडीत आहे हे बायकोला विचारणारे.

आपल्या मातीत असे बाप नाहीत असं नाहीये, त्यांच्यावर नाटक लिहायचं आपण टाळलं. म्हणून बाहेरचं बघायचं. शिवाय सर, हे पिक्चरचं प्रकरण सुरू केलं तेच आपल्या जिल्ह्यातल्या माणसाने, फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मले, १९१८ मधे हिंदुस्तान फिल्म्स कंपनी नाशकातच थाटली, आणि १९१९ च्या 'कालिया मर्दन' मधे कृष्ण म्हणून उभी केली ती स्वतःची लहानगी मुलगी मंदाकिनी. पांडवलेण्याच्या पायथ्याशी स्मारक बांधून आपण मोकळे झालो. तेव्हा नाशिककराने पिक्चरच्या बाबतीत आपलं-परकं करू नये असं आपलं मला वाटतं.

प्रश्न : दादा, माझं नाव छापू नका. दोन वर्षं झाली आम्ही वेगळे राहतो. केस चालू आहे. मुलगी नऊ वर्षांची, आईकडे नाशिकरोडला असते, मला एक आड एक रविवारी भेटते. भेटली की मी तिला मॉलमधे नेतो, गेम झोन, पिझ्झा, सगळं करतो पण ती मोबाईलमधे असते आणि सारखं विचारते किती वाजले. पिक्चर बघून खूप रडलो. तिला आणि तिच्या आईला दाखवू का हा पिक्चर? म्हणजे त्यांना कळेल की बाप बदलू शकतो. – सातपूर

नाव छापलेलं नाही, काळजी करू नका.

आधी सरळ उत्तर. नऊ वर्षांच्या मुलीला हा पिक्चर दाखवायचा नाही, त्या काचेच्या खोलीतले प्रसंग तिच्या वयाचे नाहीत. आणि तिच्या आईला तर अजिबात पाठवू नका, लिंक पण नको. तुम्ही पाठवाल माझं दुःख बघ म्हणून, आणि त्या बघतील जेनच्या जागेवरून, वरच्या सिडकोच्या ताईंनी बघितला तसा. केस चालू असताना असला निरोप पाठवणं म्हणजे वकिलाला नवीन काम.

आता जरा लांबचं उत्तर. पिक्चरमधे एक सीन आहे तो तुम्ही परत बघा, फक्त तेवढाच. ट्रॅव्हिस पोराला शाळेतून आणायला जातो. पहिल्या वेळी पोरगा त्याला टाळून मित्राच्या गाडीत बसून सटकतो, चालत कोण जातं म्हणे, सगळे गाडीने जातात. बाप चिडत नाही. दुसऱ्या वेळी तो सूट-हॅट घालून जातो तेव्हा पोरगा त्याच्याबरोबर येतो, पण बरोबर नाही, रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवरून. बाप या बाजूने, पोरगा त्या बाजूने, मधे रस्ता. बाप रस्ता ओलांडत नाही. हाक मारत नाही. तो जरा वेडंवाकडं चालतो, पोरगा तिकडून त्याची नक्कल करतो, मग हा मागे चालतो, तो पण. असं चालत चालत घर जवळ येतं आणि मग पोरगाच रस्ता ओलांडून येतो.

किती अंतरावरून चालायचं हे त्या पोराने ठरवलं, बापाने ठरवू दिलं. तुमच्या मॉलमधे हे होतं का बघा. तिथे आवाज एवढा, लाइट एवढे, वेळापत्रक तुमचं, खाणं तुम्ही ठरवलेलं, पोरगी घड्याळ बघणार नाही तर काय. एखाद्या रविवारी तिला काहीही न दाखवता सोमेश्वरच्या धबधब्यावर घेऊन जा, पाण्याला आवाज असतो त्यामुळे बोलायची सक्ती राहत नाही. नाहीतर सिटीलिंकच्या बसमधे खिडकीची सीट द्या आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं जाऊन या. ती गप्प बसली तर बसू द्या. शाळेचं विचारू नका. आई काय म्हणते हे तर मुळीच विचारू नका, त्या वयाच्या मुलींना हेरगिरी करायला लावलेली बरोबर कळते.

दुसरं, तुम्हाला रडवेल असा नाही पण तुमच्या उपयोगाचा पिक्चर सांगतो, जपानी आहे, कोरे-एदा हा दिग्दर्शक, २०१६ चा, इंग्रजीत नाव 'आफ्टर द स्टॉर्म'. त्यातला बाप महिन्यातून एकदा मुलाला भेटतो, पूर्वी एक कादंबरी लिहून थांबलेला, आता खाजगी डिटेक्टिव्हचं काम करतो, जुगारात पैसे घालवतो, पोराच्या खर्चाचे पैसे बायकोला वेळेवर देत नाही. एक दिवस पोराला बेसबॉलचे महागडे बूट घ्यायला दुकानात नेतो आणि दुकानदाराचं लक्ष नसताना बुटाला हळूच ओरखडा पाडतो, म्हणजे डाग आहे सांगून भाव पाडता येईल. मला तो सीन बघून हसू आलं आणि लगेच पोटात खड्डा पडला. पैसे नाहीत पण भारी बाप दिसायचंय. पिझ्झा आणि गेम झोनचं बिल बघताना तो बूट आठवा.

मग एक वादळी रात्र येते आणि बाप, आई, पोरगा तिघं आजीच्या छोट्याशा फ्लॅटमधे अडकतात. हिंदी पिक्चर असता तर सकाळपर्यंत संसार जुळला असता. इथे जुळत नाही. सकाळी कपडे बदलून सगळे आपापल्या वाटेने जातात. पण बाप पैसे द्यायचे आणि पोराला भेटायचं हे जरा नीट करेल असं वाटायला जागा राहते, तेवढंच. हा मुलीच्या आईला दाखवायची गरज नाही, तुम्ही एकट्याने बघा.

केसबद्दल मी वकील नाही त्यामुळे जास्त बोलत नाही, पण योगायोग बघा, आपला कौटुंबिक न्यायालयाचा कायदा पण १९८४ चाच आहे, याच पिक्चरच्या वर्षीचा. त्या कायद्यातच समुपदेशकाची सोय ठेवलेली आहे, भांडण मिटवायचा प्रयत्न आधी करायचा असं कोर्टालाच सांगितलंय. त्या समुपदेशक बाईंपुढे किंवा सरांपुढे जाल तेव्हा तिची आई कशी चुकली हे सांगत बसू नका, मुलीला भेटीत कंटाळा येतो, काय करू, हे विचारा. आणि ताबा कोणाकडे हे ठरवताना मुलाचं हित सगळ्यात आधी हे १९५६ च्या पालकत्वाच्या कायद्यात लिहिलेलं आहे, आई-बापाचं समाधान त्यात नंतर येतं. पोटगीचे पैसे थकले असतील तर ते आधी भरा. जेन बघा, स्वतःचे हाल चाललेत, पण पोराच्या नावाने दर महिन्याला बँकेत पैसे जातायत. त्याच पैशाच्या धाग्यावरून शेवटी पोरगा आईपर्यंत पोचतो.

बाप बदलू शकतो का? शकतो. पण ते मुलीला पिक्चर दाखवून सिद्ध होत नाही. पुढच्या पुढच्या रविवारी वेळेवर पोचा, तिने कितीही वेळा किती वाजले विचारलं तरी तोंड न पाडता सांगा.

प्रश्न : ते गिटारचं म्युझिक कोणाचं आहे? डोक्यातून जात नाहीये. – इंदिरानगर

राय कूडर. स्लाइड गिटार, तारेवर काचेची किंवा धातूची नळी सरकवून वाजवतात. मूळ धून ब्लाइंड विली जॉन्सन या अंध गायकाची, १९२७ मधे रेकॉर्ड झालेली, आणि हीच धून १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली तिच्यातही आहे, म्हणजे सध्या ती सूर्यमालेच्या पार बाहेरच्या हद्दीत फिरतेय. हंटरला अंतराळाचं वेड दाखवलंय, त्यामुळे मला हा योगायोग फार आवडतो. गिटार शिकत असाल तर कान लावून बसवायचा प्रयत्न करा, सोपं वाटतं आणि अजिबात नाहीये.

प्रश्न : आमची घरात पैज लागलीय. मिस्टर म्हणतात ट्रॅव्हिस शेवटी भित्रा निघाला, पोराला हॉटेलात एकटं बसवून पळाला, हिंमत होती तर वर जाऊन बायकोसमोर उभं राहायचं होतं. मी म्हणते त्याने पहिल्यांदा आयुष्यात बरोबर केलं. जो हरेल त्याने रविवारी सगळ्यांना मिसळ. निकाल द्या. – महात्मानगर

निकाल देतो पण कारणासकट, म्हणजे मिस्टर अपील करणार नाहीत.

मिस्टरांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. सात-आठ वर्षांच्या पोराला हॉटेलच्या खोलीत एकटं ठेवून टेपरेकॉर्डरवर निरोप ठेवायचा आणि खाली पार्किंगमधून खिडकीकडे बघत उभं राहायचं, याला शौर्य म्हणत नाहीत. समोर बसून पोराला सांगायला पाहिजे होतं, तेवढी हिंमत त्याच्यात नाहीच. इथपर्यंत मिस्टर बरोबर.

पण वर जाऊन काय केलं असतं? ज्या बाईच्या पायाला घंटा बांधली तिच्या खोलीत, न विचारता, पोराला मधे ठेवून उभा राहिला असता, आणि पोराचं तोंड बघून तिला हो म्हणावं लागलं असतं. ती हिंमत नव्हे, ती पुन्हा तीच जबरदस्ती झाली असती, फक्त यावेळी पट्ट्याऐवजी पोरगा. जेनला जर त्याला भेटायचं असेल तर आता तिला आवाज ओळखीचा झालाय, तिच्या बाजूचा दिवा बंद करून तिने काचेतून त्याचा चेहराही बघितलाय. पुढचं तिच्यावर. चार वर्षांपूर्वी तो पळाला तेव्हा मागे काही ठेवून गेला नव्हता, यावेळी आई आणि मुलगा एका खोलीत आहेत. पळणं तेच, पण हिशोब वेगळा.

तेव्हा वहिनी जिंकल्या. मिसळ मिस्टरांकडून, आणि त्यांनी नुसती मिसळ नाही, पापड, दही आणि शेवटची जिलबी पण धरावी. वहिनी, पुढच्या पैजेला आधी कळवा, मी पण येतो.